दोन बोटं माया

माझ्या आईने मला आयुष्यात सर्वांत जास्त वेळा काय सांगितलं असेल, तर ‘खांदे पाड’. जेव, अभ्यास कर, लवकर घरी ये, हे सगळं त्याच्या खाली. फोटो काढायचा असो, देवळात जायचं असो, दारात पाहुणे असोत, तिचा हात माझ्या पाठीवर यायचा आणि कानाशी ते दोन शब्द. गंमत अशी की गंगापूर धरणाच्या पाण्यावर आमचे रोइंगचे सरही हेच ओरडायचे. वल्हं ओढताना खांदे कानाकडे चढले की ताकद वाया जाते. म्हणजे सकाळी सर मला चांगलं वल्हवता यावं म्हणून खांदे पाडायला लावायचे आणि संध्याकाळी आई, मी वल्हवते हे कुणाला दिसू नये म्हणून.

रोइंगला मी गेले ते अकरावीत, एका मैत्रिणीच्या नादाने. हाताला फोड आल्यावर ती पळाली, मी राहिले. पाणी आवडलं, बोटीचा वेग आवडला, स्पर्धा जिंकायला तर फारच आवडलं. पण बोट एकीकडे पुढे जात होती आणि दुसरीकडे माझे खांदे रुंद होत होते. कॉलेज संपेपर्यंत बाजारातला एकही कुर्ता माझा राहिला नाही. खांद्यात बसला तर कमरेत पोतं, कमरेत बसला तर हात वर करायची सोय नाही. पंचवटीतली बांगड्या भरणारी बाई माझा हात दाबून दाबून दमायची आणि शेवटी, ‘ताई, तुम्ही ब्रेसलेट का नाही घालत?’ असं विचारायची.

एका लग्नात आईच्या ओळखीच्या एका बाईने माझ्याकडे बघून दुसरीला विचारलं, ‘ही मुलगी आहे की पहिलवान?’ मी ऐकलं आणि जेवायच्या पंगतीत जाऊन बसले, कारण मला भूक लागली होती. आईनेही ते ऐकलं होतं. ती त्या दिवशी जेवली नाही. माझ्या खांद्यांचा विषय तिच्या मनात तेव्हापासून जो बसला तो बसलाच.

तिने त्यावर उपाय काढला झालरीचा. फुगा बाह्या, गळ्याला लेस, खांद्यावर झालर, कापडावर ताटाएवढी फुलं. मुलगी नाजूक दिसत नसेल तर कपडे तरी नाजूक असावेत, असा तिचा हिशोब. ती स्वतः चणीने लहान, तिच्या अंगावर ते सगळं शोभायचं. मी घातलं की पडदे लावलेल्या खिडकीसारखी दिसायचे. यावर आमची भांडणं व्हायची. मी टी-शर्ट घालून निघून जायचे, ती दार लावून घ्यायची.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण हल्ली असल्या विषयावर लगेच कुणीतरी ‘जशी आहेस तशीच छान आहेस’ म्हणायला येतं. मला छान दिसायचं होतं. बाईसारखं दिसायचं होतं. मला पैंजण आवडायचे, मोगऱ्याचा गजरा आवडायचा, साडीचा पदर वाऱ्यावर गेला की तो सावरायला आवडायचं. मला खांदेही हवे होते आणि गजराही. दोन्ही एकत्र कसं करायचं, ते मला कुणी सांगत नव्हतं, एवढीच अडचण होती.

मग मी आरशासमोर उभं राहून एकेक गोष्ट स्वतः शोधली. खांद्यावर काहीच नको, हा पहिला शोध. झालर नाही, फुगा नाही, चमक नाही. वर गडद आणि साधं, खाली घेर. बंद गळ्याने छाती ढालीसारखी दिसते, तोच गळा खाली टोकदार उतरला की मान लांब दिसते. दंडाच्या मधोमध संपणारी बाही वैरीण, कोपरापर्यंत आलेली मैत्रीण. ओढणी दोन्ही खांद्यांवर पसरायची नाही, एका बाजूने सरळ खाली सोडायची. ठुशीपेक्षा लांब माळ बरी. हे जमायला लागलं तसे मैत्रिणी विचारू लागल्या की बारीक झालीस का. मी काहीच झाले नव्हते. पहिल्यांदा गडद वाइन रंगाचा घेरदार अनारकली घालून मी गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, आरतीला गेले, तेव्हा पायऱ्या उतरताना मला स्वतःचं चालणं आवडलं. आई मात्र म्हणाली, ‘छान आहे, पण गळ्याला थोडी लेस हवी होती.’

मला बघायला येणार होती ती माणसं वणीकडची. मुलगा अंबडच्या कारखान्यात इंजिनिअर, घरी टोमॅटो आणि झेंडूची शेती. मुलाला माझ्या खेळाबद्दल माहीत होतं, आम्ही फोनवर बोललो होतो. आईचं म्हणणं, मुलाला काय, घर चालतं सासूच्या मतावर. म्हणून तिने मला साडी नेसवली, पदर दोन्ही खांद्यांवरून लपेटून पुढे आणला आणि पाहुणे जाईपर्यंत तो हलता कामा नये अशी ताकीद दिली. मी मुकाट्याने ऐकलं, कारण मला मुलगा आवडला होता.

सगळं नीट पार पडत होतं. मग निघताना होणाऱ्या सासऱ्यांना आठवलं की आमच्यासाठी आणलेलं टोमॅटोचं क्रेट गाडीतच राहिलं. ड्रायव्हर चहाला गेला होता, मुलगा त्याला शोधायला गेलेला, सासऱ्यांची कंबर धरलेली, आणि माझे बाबा चप्पल शोधत होते. मी गाडीपाशी उभीच होते. काही विचार न करता पदर कमरेला खोचला, क्रेट उचललं, सहा पायऱ्या चढून ओट्यावर नेऊन ठेवलं. वळून बघते तर आई दारात, चेहरा पांढराफटक. आणि तिच्या मागे होणाऱ्या सासूबाई. त्यांनी एकदा क्रेटकडे पाहिलं. नमस्कार करून गाडीत बसल्या.

पुढचे दोन दिवस आई माझ्याशी कामापुरतंच बोलली. मग होकाराचा फोन आला. साखरपुड्याची साडी आम्ही आणतो, ब्लाउजही शिवून आणतो, तेवढं मुलीचं मापाचं ब्लाउज पाठवा, असा निरोप होता. आईने पिशवी भरून पाठवली. मी विचारलंही नाही.

साखरपुडा पंचवटीतल्या एका छोट्या कार्यालयात होता. सासरच्या बायकांनी माझी ओटी भरली, हातात साडी दिली आणि नेसून यायला सांगितलं. मुलीने आत जाऊन सासरची साडी नेसायची, बाहेर येऊन पाटावर बसायचं, मग अंगठी. मी आणि आई आतल्या खोलीत आलो. येवल्याची जांभळी पैठणी होती, ब्लाउज साधं, गडद, कोपरापर्यंत बाहीचं. मी खूश झाले. जणू मीच निवडलं होतं.

मग मी हात घातला, आणि बाही दंडाच्या खालीच अडकली. दुसरा हात तर कोपराच्या वर जाईना. मी म्हटलं, शिंप्याने चुकीचं माप घेतलं. आई पदराचं टोक पिळत होती. मी तिच्याकडे पाहिलं, आणि मला कळलं.

‘तू माझं ब्लाउज पाठवलंस ना?’

ती खाली बसली. तिने स्वतःचं ब्लाउज पाठवलं होतं. तिचं म्हणणं असं, की मापाचं ब्लाउज घरातल्या चार बायकांच्या हातातून जातं. त्या ते पसरून बघणार, हसणार. आधी तो क्रेटचा प्रकार झालेला. तिला वाटलं, शिवलेलं ब्लाउज आमच्यातल्या रिवाजाप्रमाणे चार दिवस आधी घरी येईल, मग आपण आपल्या शिंप्याकडून नवीन शिवून घेऊ, कुणाला कळणार नाही. त्यांच्याकडे मात्र ते ओटीतच देतात. आज सकाळपर्यंत ती वाट बघत होती आणि कुणाला विचारायची तिला सोय नव्हती.

मला भयंकर राग आला. मग जे सुचलं ते मी बोलले. की लग्नातल्या त्या बाईने मला पहिलवान एकदाच म्हटलं, तू मला रोज म्हणतेस. आई रडायला लागली. मी परकर आणि टॉवेलवर उभी, बाहेर भटजी थांबलेले, माझ्याही डोळ्यांत पाणी. तेवढ्यात दारावर टकटक झाली आणि सासूबाईंचा आवाज आला, ‘झालं का?’

आई घाईघाईने टॉवेल माझ्या खांद्यांवर ओढायला लागली. मी तिचा हात बाजूला केला आणि दार उघडलं. काय व्हायचं ते आता होऊ दे, असं मला वाटत होतं.

सासूबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा आईकडे, मग पलंगावरच्या ब्लाउजकडे. आत आल्या, कडी लावली. ब्लाउज उचललं आणि उलटं केलं. आतल्या बाजूला शिवणीच्या पुढे कापड चांगलं दोन बोटं सोडलेलं होतं, बाहीला आणि दोन्ही कुशींना, आणि त्यावर एकाला लागून एक अशा तीन शिवणी मारलेल्या.

‘माया लय ठिवलीय आत,’ त्या म्हणाल्या. ‘मीच सांगितलं व्हतं शिंप्याला. उसवा.’

शिवणीच्या आत सोडलेल्या जास्तीच्या कापडाला आपण माया म्हणतो. जन्मभर ऐकलेला शब्द, कपडा सैल करायचा झाला की आठवणारा. मी त्याकडे कधी लक्ष दिलं नव्हतं.

त्यांच्या बांगडीला दोन सेफ्टी पिना लटकत होत्या. एक त्यांनी आईच्या हातात दिली, एक स्वतः घेतली. एका बाहीला आई बसली, दुसरीला त्या. उसवता उसवता आईने मान वर न करता विचारलं की तुम्हाला कसं कळलं. सासूबाई म्हणाल्या, त्या दिवशी मुलगी बघितली होती, आणि पिशवीतून आलं ते कुणा दुसरीचंच. मग फोन का नाही केलात, असं आईने विचारलं.

‘काय करू फोन? आईनं पाठवलं म्हंजी काही इचार करूनच पाठवलं आसंल. इचारलं आसतं तर तुम्हाला खाली बघायला लागलं आसतं. म्हटलं, माया सोडून ठिवू. लागली तर लागली.’

आईने नाक पुसलं आणि उसवत राहिली. मला मात्र गप्प बसवेना. डोक्यातून राग पूर्ण गेलेला नव्हता आणि एक शंका त्या दिवसापासून आत रुतलेली होती. मी सरळ विचारून टाकलं, की क्रेट उचलताना बघून मला पसंत केलंत का. शेतात कामाला येईल म्हणून.

आईची पिन थांबली. सासूबाईंनी दोरा तोडला, मग माझ्याकडे पाहिलं.

‘उचलत्यात समदे,’ त्या म्हणाल्या. ‘तू ठिवलं कसं, ते बघितलं म्या. गडी लोक आदळत्यात. खालचं टमाटं फुटून जातं. तू तर बाळ निजवावं तसं टेकवलंस. म्हटलं, हिच्या हाताखाली काही दबायचं नाय.’

मला रडू आलं. अगदी मोठ्याने नाही, पण आलं. कुणीतरी माझ्या खांद्यांच्या पुढे जाऊन हातापर्यंत पोचलं होतं.

पहिली शिवण उसवून बाही चढली नाही. दुसरी उसवली तेव्हा चढली, पण हुक लागेनात. तिसरी उसवल्यावर ब्लाउज अंगाला असं बसलं की कुठे ओढ नाही, कुठे सुरकुती नाही. उसवलेल्या जागी सुईची भोकं ओळीने दिसत होती. सासूबाई म्हणाल्या, ती हाताखाली जातील, आणि बाहेर भटजींना सांभाळायला गेल्या.

साडी आईने नेसवली. निऱ्या झाल्या, पदर हातात घेतला. मला वाटलं, आता हा दोन्ही खांद्यांवरून येणार. आईने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग पदराच्या बारीक, एकसारख्या घड्या घातल्या, एकाच खांद्यावर बसवल्या आणि पिन लावून मागे सरळ सोडून दिला. दुसरा खांदा मोकळा राहिला. लांब माळ घातली, गजरा माळला. मी इतकी वर्षं आरशासमोर जे शोधत होते, ते तिच्या हाताने पहिल्यांदाच झालं होतं. दारापाशी सवयीने तिचा हात माझ्या पाठीवर आला. मी खांदे पाडले. तिने हात तसाच ठेवला आणि म्हणाली, ‘राहू दे. जा.’

परवा भाचीच्या लग्नासाठी ब्लाउज शिवायला टाकायचं होतं, म्हणून मी आणि आई पंचवटीत शिंप्याकडे गेलो. दुकानात बायकांची गर्दी होती. आईने पिशवीतून माझं ब्लाउज काढलं, काउंटरवर ठेवलं आणि दोन्ही तळव्यांनी खांद्यापासून खांद्यापर्यंत पसरवलं. शेजारच्या एक बाई बघायला लागल्या. आईने ते आणखी थोडं पसरवलं.

‘हे माझ्या मुलीचं माप,’ ती शिंप्याला म्हणाली. ‘बरोब्बर असंच शिवा.’

शिंप्याने विचारलं, आतून माया किती सोडू.

‘दोन बोटं सोडा,’ आई म्हणाली. ‘लागायची नाही. पण असू दे.’