धसईचे वळण

आसनगाव स्टेशनबाहेर पडलो आणि समोर माहुलीचे सुळके दिसले. थंडीचे दिवस, स्वच्छ ऊन, शहापूरला जायला टांगा तयार. अशा सकाळी माणसाला चहाची आठवण व्हावी. मला दुसऱ्याच गोष्टीची होत होती. ठाण्याहून निघताना सौ. एवढेच म्हणाली होती की, आज पिऊन आलात तर मी मुलीला घेऊन नाशिकला भावाकडे जाईन. रागावून बोलली असती तर बरे वाटले असते. ती डबा भरता भरता बोलली.

दारू सोडू पाहणाऱ्यांच्या सभा मुंबईत नुकत्या भरू लागल्या होत्या. पण तिथे कचेरीतले कोणी भेटले तर? (तोही त्याच कामासाठी आलेला असणार, हे मला सुचले नाही.) आमच्या डॉक्टरांच्या कानावर होते की मुरबाडकडे, धसईला, बाजाराच्या दिवशी अशीच काही माणसे जमतात. नेमकी जागा त्यांनाही ठाऊक नव्हती.

शहापूरच्या स्टँडवर गरम भजी खाल्ली आणि हॉटेलवाल्याला हळूच विचारले, धसईला पिणाऱ्यांची बैठक कुठे असते? दारूबंदीचा काळ, माझी काळी टोपी, काखेत छत्री आणि दबका आवाज. त्याने मला साध्या वेशातला पोलीस ठरवले. या भागात दारू कशी असते हेही कोणाला माहीत नाही, असे त्याने ठासून सांगितले आणि वर आणखी भजी वाढली.

किन्हवलीवरून धूळ खात मुरबाड गाठले. तिथून धसईची गाडी. रस्त्याच्या कडेला कापलेल्या भाताचे खुंट, झोडणी झालेली खळी, मागे निळे डोंगर. शेजारी कोंबड्यांची पाटी घेऊन एक म्हातारी बसली होती. या वेळी मी 'दारू' हा शब्दच टाळला.

"आजी, धसईला सोडलेल्या माणसांची बैठक कुठे भरते?"

तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिले. "कुनी सोडला तुमाला? बायकोनं?"

"अजून नाही."

"मंग इकडं कशाला फिरता? घरी जा ना, बाबा."

सगळी गाडी हसली. जरा वेळाने मीही हसलो. कंडक्टरने मात्र समजूतदारपणे मान हलवली आणि सांगितले की बैठक ओढ्याच्या पलीकडे, जांभळीखाली. तो डोळे मिचकावत होता, ते मला धुळीमुळे वाटले.

बाजार भरात होता. भाताची पोती, वांगी, सुकट, मडकी. त्यातून वाट काढत ओढा ओलांडला. जांभळीखाली लाल मुंडासेवाल्या एका माणसाने अदबीने गोणपाट अंथरले, मला बसवले आणि काही विचारायच्या आत हातात पेला दिला. मोहाच्या दारूचा वास आला. इथे बैठक म्हणजे पिण्याचा अड्डा, हे मला तेव्हा कळले.

पेला मी लगेच खाली ठेवला, असे लिहायला आवडले असते. ठेवला नाही. धरून बसलो. आपण काही स्वतः मागितली नाही, असा युक्तिवादही मनात तयार झाला. मग डबा भरणारे हात आठवले आणि म्हणालो, "मला पिणाऱ्यांची नको, सोडलेल्यांची बैठक हवी."

तो कपाळावर हात मारून हसला. "त्याला बैठक नाय बोलत, दादा. बैठक ही. त्यांचं ते वळण. माझा सख्खा भाव बसतो तिथं. पयला माझाच गिऱ्हाईक होता." पेला परत घेऊन त्याने वाट दाखवली. धंद्याचे नुकसान करणारी ती वाट त्याने अगदी नीट सांगितली.

भाताच्या गिरणीच्या पडवीत पाच-सहा माणसे वाखाचे (घायपाताच्या धाग्यांचे) दोर वळत होती. म्हणून ते 'वळण'. त्या भावाचे नाव राघोदादा. मी माझे नाव सांगू लागलो, तर म्हणाला, "नाव नको. हात दावा." माझे हात कापत होते. "बरोबर जागी आलाव," म्हणत त्याने वाखाची पेंढी माझ्यापुढे टाकली.

माल विकला की खिशात पैसे खुळखुळतात आणि पाय ओढ्याकडे वळतात. म्हणून शेवटची गाडी सुटेपर्यंत ही माणसे इथे दोर वळत बसतात. भाषण नाही, शपथ नाही. एकमेकांची टिंगल मात्र भरपूर. नवरा बाजारातून दोर घेऊन आला की घरची समजते, हा दिवसभर कुठे होता.

मला राहवले नाही. आजच पेला हातात धरला होता, हे मी सांगून टाकले. राघोदादाने मान वर केली नाही.

"हातात घेतलीस ना? तोंडात नाय ना? मंग वळ."

रात्री घरी पोहोचलो. दार उघडल्यावर सौ.ने सवयीने जवळ येऊन माझ्या तोंडाचा वास घेतला; दारूचा नव्हता. मी स्वतः वळलेला दोर पुढे केला आणि वळणाची हकीकत सांगितली. इतकी वर्षे मी तिला फक्त वचने आणून दिली होती. हाताने केलेले असे हे पहिलेच. तिने तो दिव्याखाली धरला, दोन्ही हातांनी जोरात ओढला. दोर मधोमध तुटला.

तिने दोन्ही तुकडे माझ्या हातात दिले. "पुढच्या बाजाराला घट्ट वळा," म्हणाली आणि माझे पान वाढायला आत गेली.