पोटातल्या कॉम्प्युटरचे वैद्य

आमच्या कॉलेजचे लॅबवाले काका बंद पडलेल्या कॉम्प्युटरशी जितकं बोलत, त्याच्या निम्मं जरी माणसांशी बोलले असते, तरी जुन्नरचे आमदार झाले असते. डिंगोऱ्याहून एसटीने येत आणि लॅबच्या दाराशी चपला काढत. एका कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा लटका कॉम्प्युटर चालवायचा, त्याला आम्ही व्हर्च्युअल मशीन म्हणायचो. काका म्हणत, गाभण. कुणाचा टेबलाला धक्का लागला की ओरडत, "सावकाश रं! दोन जीव हायेत!"

कॉम्प्युटर चालवणाऱ्या लिनक्स प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, कोसळला की काळ्या पडद्यावर अगम्य ओळी थिजून राहत. आम्ही बटण दाबायला धावायचो, तर काका हात आडवा घालत. "पंचनाम्याबिगर मयत हलवायचं नाय!" मग शंभरपानी वहीत एकेक आकडा उतरवून घेत, आणि खाली दोन साक्षीदारांच्या सह्या. कित्येक कर्नलच्या मृत्यूवर माझी सही आहे.

शेवटच्या वर्षी, प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेच्या सकाळी, माझंच मशीन गेलं; आदल्या रात्रीच मी त्यावर नवा कर्नल चढवला होता. बाहेरचे परीक्षक तासाभरात यायचे होते. मशीन चाललं नाही तर मी नापास. कुणाला हाक मारणं मला जमत नसे. इंग्रजी शाळेतली मी, मराठीत चुकेन म्हणून गप्प आणि इंग्रजीत शिष्ट वाटेन म्हणूनही गप्प. काका आपणहून आले, ओळी उतरवल्या, वहीची मागची पानं चाळली.

"नव्या कर्नलला डिस्क वळखू येत नाय. जुना चालू करा की."

"तो मी काढून टाकला. जागा अडवत होता."

काका मटकन खाली बसले. "अवो ताई, नवी सून नांदती का बघायच्या आधीच सासूला हाकललीत व्हय!"

त्यांनी सीडीवरून जुना कर्नल परत बसवला. मशीन उठलं आणि परीक्षक आत आले. वहीतला ताजा पंचनामा बघून त्यांनी इंग्रजीत विचारलं, "हे कुणी दुरुस्त केलं?"

"मी," माझ्या तोंडून निघून गेलं.

काका मागेच उभे होते. त्यांनी हातातली सीडी पाठीमागे लपवली. "व्हय सर, ताईंनीच केलं. मला कुठं इंग्रजी येतंय."

मी पास झाले. पेढे घेऊन गेले, ते "काका, चुकलं माझं" एवढं म्हणायचं ठरवूनच. त्यांनी पेढा मोडून अर्धा माझ्याच हातावर ठेवला आणि आता नोकरीसाठी पुण्याला जाणार, तर तिथे राहायची सोय काय, जेवणाचं काय, हेच विचारत बसले. ते वाक्य अजून माझ्याकडेच आहे.