आईचा दुधी

किल्लीवाल्यांना कुणाचं मिंधं होणं जन्मात जमलं नाही. घरातली साखर संपली तर शेजारी वाटी पाठवण्याऐवजी हे चहाच सोडतील, असं त्यांची बायको म्हणायची आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नव्हती. चौकातल्या टपरीत दिवसभर कानस चालवायची, लोकांची अडलेली कुलपं उघडून द्यायची आणि संध्याकाळी घरी येऊन स्वतःचं दार लावून बसायचं, हा त्यांचा शिरस्ता.

अशा माणसाला गच्चीवर नेलं ते त्यांच्या आईने, तेही ती गेल्यानंतर. बायको कपाट आवरत होती. आईच्या जुन्या शालीच्या घडीत दुधीच्या बियांची पुरचुंडी सापडली. आईच्या हातचं, अजून जिवंत होऊ शकेल असं, एवढंच काय ते उरलं होतं. किल्लीवाल्यांनी सगळ्या बिया पेरल्या. बाकीच्या कुजल्या, एक उगवली. मग मात्र हा माणूस कामावरून आला की थेट गच्ची गाठू लागला.

गच्चीवर अख्ख्या इमारतीची बाग होती. फुटक्या बादल्या, अर्धी कापलेली पिंपं, कुणाच्या तरी बाळाचा जुना टब, जे मिळेल त्यात भाजी. खत सगळ्यांचं मिळून, दोरी ज्याची उरेल त्याची. दुधीची पांढरी फुलं दिवेलागणीला उमलायची. पण इतक्या उंचावर, एवढ्या वाऱ्यात, फुलांवर बसणारे पतंग फिरकत नसत. म्हणून त्यांचं काम माणसंच करायची. नर फूल खुडून त्याचा पराग मादी फुलाला हलकेच लावायचा. ज्याच्या वेलाला त्या दिवशी नर फूल नसेल, त्याच्याकडे शेजारी आपलं घेऊन जायचे. जाताना कुणीतरी ओरडायचंच, "मुलाकडचे आले हो!" मग अंधूक उजेडात सगळी गच्ची हसायची.

किल्लीवाले मात्र आपला वेल आणि आपण. खतसुद्धा त्यांनी बाजारातून आणलं. आणि याच एकांड्या कारभारात त्यांनी घोळ घातला. काही फुलांखाली इवलासा दुधी असतो आणि काही नुसतीच लांब देठावर डोलतात, हे त्यांनी पाहिलं. ही दुसरी फुकट खाणारी, असं ठरवून ते ती नेमाने खुडत गेले.

शेजारच्या वाफ्यातल्या नर्सबाईंनी कपाळाला हात लावला. "काका, अहो नवरदेवच खुडलेत की सगळे!"

"जन्म गेला किल्ल्या घासण्यात," बायको म्हणाली, "आणि एवढं कळू नये!"

तोवर उशीर झाला होता. इवले दुधी एकेक करून पिवळे पडले, गळले. वेलाची बुडाकडची पानं वाळत चालली. नवीन नर कळी येईना. शेवटी टोकाशी मादीची एकच कळी राहिली. ती वाया गेली तर आईचं बी संपलं.

"माझ्या वेलाचं फूल घ्या ना," नर्सबाई म्हणाल्या. "दुधी तुमच्याच वेलाचा होईल. आतल्या बिया तेवढ्या दोन्ही वेलांच्या मिसळीच्या होतील."

"मग पुढच्या वर्षी उगवेल त्याला आईचा दुधी कसं म्हणू?" किल्लीवाले म्हणाले आणि पाठ फिरवून दोरी बांधत बसले.

कळी उमलायच्या दिवशी ते उजेड असतानाच येऊन बसले. ऊन ओसरलं. वाळत टाकलेल्या चादरी फुगत होत्या, मिटत होत्या. बसल्या बसल्या त्यांचे डोळे जड झाले आणि त्यांना परसातलं कुंपण दिसलं, लहानपणीचं. त्यावर वेलच वेल, एकमेकांत गुंतलेले. या घरचा कुठला, त्या घरचा कुठला, शोधून सापडू नये. पलीकडच्या काकू बेधडक हात घालून दुधी कापत होत्या आणि आई हसत म्हणत होती, "अहो न्या, तुमच्या बाजूला लोंबतोय म्हणजे तुमचाच!" संधिप्रकाशात मातकट पतंग या फुलावरून त्या फुलावर जात होते. त्यांना कुणी हाकलत नव्हतं. कोणता वेल कोणाचा, हे आईने त्या पतंगांना कधी विचारलं होतं?

त्यांनी डोळे उघडले. कळी पूर्ण उमलली होती, दुधासारखी पांढरी. ते उठले, नर्सबाईंच्या वाफ्यापाशी जाऊन उभे राहिले.

"ताई," ते म्हणाले, "एक फूल द्याल का मला?"

बाईंनी फूल खुडून त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्या एरवीसारखं काही ओरडल्या नाहीत. तोवर वर आलेल्या बायकोने त्यांचं मनगट धरलं आणि दोघांनी मिळून पराग मादी फुलाला लावला.

दुधी धरला. तो त्यांनी कापू दिला नाही, वेलावरच वाळवला आणि बिया इमारतभर दारोदारी जाऊन वाटल्या. ज्यांच्या घराचा उंबरा कधी ओलांडला नव्हता, तिथे बसून पाणी प्यायले.

पुढच्या हंगामात गच्चीभर दुधी लोंबले. एक लांबोडका, एक गोलमटोल, एकाची मान वाकडी, एकावर ठिपके. एकासारखा दुसरा नाही. संध्याकाळी बायका त्यांना चिडवायच्या, "काका, आमचा हा वाकड्या मानेचा कोणावर गेलाय हो?"

किल्लीवाले जवळ जायचे, दुधीवरून हात फिरवायचे, नीट निरखून बघायचे आणि प्रत्येकीला तेच सांगायचे.

"माझ्या आईवर."