हात वर करण्याआधी

आमच्या पडेगावच्या गल्लीत कुठली गोष्ट लपत नाही. लपलीच तर मी हुडकून काढते. पण त्या रविवारी रामकिसन सरांच्या घरात जे पाहिलं, त्यानं माझीच बोलती बंद झाली. घरी आले तर आमच्या ह्यांनी कपाळाला हात लावून पाहिलं. "ताप नाय. मग गप्प कशी?"

सर माझे भिंतीपल्याडचे शेजारी. कॉलेजात लोकप्रशासन शिकवतात. मूळ पाचोडकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. उमेदीची वर्षं त्यांनी पैठण तालुक्यातल्या ग्रामसभांत, मागच्या सतरंजीवर बसून काढली. बाकीचे अभ्यासक हात मोजायचे, सर डोळे बघायचे. माणूस हात वर करण्याआधी कुणाकडं बघतो? सरपंचाकडं, सावकाराकडं, का थोरल्या भावाकडं? त्यावर त्यांनी उशाला घ्यावा एवढा ग्रंथ लिहिला.

"सुलेखाताई, खरं मत नजरेत असतं," ते सांगायचे.

"मग आमच्या ह्यांचं मत समोरच्या बाल्कनीत पडतंय बघा, सर."

बिचारे लाजून आत जायचे.

म्हणूनच त्यांच्या घरात हात वर करायला बंदी. पेढ्याच्या रिकाम्या डब्याच्या झाकणाला चीर पाडलेली. कूलर घ्यायचा की एसी, भिंतीला रंग कुठला, सगळ्याच्या चिठ्ठ्या त्यात. उघडायला मी, तटस्थ म्हणून. मला तटस्थ म्हणणारा जगातला हा एकच विद्वान!

आणखी एक गोष्ट गल्लीला तोंडपाठ. दिल्लीच्या एका मोठ्या संस्थेनं सरांना मागं बोलावलं होतं, पण घरच्यांनी जाऊ दिलं नाही. लग्नात, मयतीत, शहागंजात कापड घेताना, सर उसासा सोडायचेच. "आमचं काय, घरच्यांनी अडवलं हो." शेजारी उभ्या विशाखावहिनी पिशवीचे बंद आवळत राहायच्या.

यंदा तेच बोलावणं पुन्हा आलं. दोन वर्षं राहून संशोधन करायचं. निवृत्तीला टेकलेल्या माणसाला तिसऱ्यांदा कोण विचारतंय? सरांनी डबा काढला. "घर ठरवील ते मला मान्य."

मतदार चार: सर, वहिनी, लेक मोनिका आणि सरांचे वडील आप्पासाहेब. आप्पासाहेबांना लेक दिसला नाही तर चहा गोड लागत नाही. सर निवांत होते. उसासासुद्धा त्यांनी तयार ठेवलेला दिसत होता.

मी चिठ्ठ्या उघडल्या. "जावं." "जावं." "जाऊ नये." "जावं."

"नाय कुणी म्हणलं?" आप्पासाहेब चक्रावले. "मी तर जा म्हणलंय."

"मी पण," मोनिका म्हणाली.

"मी पण," वहिनी म्हणाल्या.

मग सगळ्या माना एकदमच सरांकडं वळल्या. माझ्या हातातला डबा खणकन फरशीवर पडला.

"म्हणजे..." वहिनींचा आवाज चिरका झाला. "मागच्या वेळी आम्हाला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. आणि मी अडवलं म्हणून माझ्या माहेरापर्यंत सांगितलंत तुम्ही?"

सर चष्मा पुसत बसले. "तिथली माणसं फाडफाड इंग्रजी बोलणारी. मी सतरंजीवरचा माणूस. आपलं हसं झालं तर?"

एवढं पुस्तक लिहिणारा माणूस, आणि भ्यायलेला! पण खरा धक्का पुढंच होता. सर खाकरले आणि म्हणाले, "चिठ्ठीत गडबड होते कधीकधी. एकदा... हात वर करून बघू."

"बाबा! हात? आपल्या घरात?" मोनिका ओरडलीच.

"होऊ दे," वहिनी म्हणाल्या. "जावं म्हणणाऱ्यांनी हात वर करा."

सर तिघांचे डोळे बघत होते. जन्मभराची सवय. मीही बघत होते. आपली तरी कुठं सुटते? तीन हात सरळ वर गेले. सरांकडं कुणी बघितलं नाही, एकमेकांकडंही नाही. आप्पासाहेबांचा तर सगळ्यात उंच.

मग सरांनी वहिनींकडं बघितलं, आणि चष्मा धरलेला त्यांचा हात हळूहळू वर गेला.

आप्पासाहेब गदगदा हसायला लागले. डोळ्यांतून पाणी, तरी हसू थांबेना.

"रामकिसन्या, कुणाकडं बघून केलास रं वर?"

"बायकोकडं," सर म्हणाले. "लिहून घ्या, सुलेखाताई."

मी कसली लिहिते? माझाही हात वरच होता.