भिंतीतलं दार

देवपुरात आमच्या शेजारी चित्रकलेचे एक मास्तर राहायला आले होते. रविवारी स्टूल काखेत मारून ते चित्रासाठी जागा शोधत हिंडायचे. पांझरा नदीचा घाट, फुललेला पळस, सगळं ओलांडून पुढं जायचे. "हे बोलावत नाही," एवढंच पुटपुटायचे.

एका रविवारी ते आमच्या परसात शिरले आणि कोऱ्या भिंतीसमोर बसले. दुपारपर्यंत कागदावरच्या भिंतीत एक निळं दार उमटलं, सताड उघडं. आईनं पुढं होऊन चित्र पाहिलं. तिथं पूर्वी खरंच निळं दार होतं. माझी थोरली बहीण त्यातून निघून गेली ती परतलीच नाही, म्हणून वडिलांनी ते चिणून टाकलं होतं.

"भाऊ, तुम्हाला कोणी सांगितलं?" आईनं मास्तरांना विचारलं.

"कोणी नाही, अक्का. दिसलं तसं काढलं. चित्रातलं दार लावून टाकू का?"

"नको," आई म्हणाली. "उघडंच राहू द्या."