मायच्या जागी फुल्या

पडद्यावर माझं तोंड उघडं अडकलं होतं.

बिदरला आमच्या शिक्षणसंस्थेच्या हॉलमध्ये तिच्या सहाही शाळांचे शिक्षक बसले होते. माऊस कार्यवाहांच्या हातात होता. माझा विज्ञानाचा धडा त्यांनी मधेच थांबवला, थोडा मागे घेतला, पुन्हा चालवला.

"आता बघा, झाकणाला थेंब कामून जमायलेत?" पडद्यावरचा मी विचारत होतो.

मागे. पुन्हा. "...कामून जमायलेत?"

मागे. पुन्हा. "...कामून..."

हॉल हसत होता. कार्यवाह स्वतः हसत नव्हते. ते हसवायचे. "अहो, सर्व्हर नवा, कॅमेरा नवा," ते म्हणाले, "आणि भाषा मात्र मेंढरामागची! कॉम्प्युटरसुद्धा बावचळेल हो."

माझे वडील बिदर जिल्ह्यातल्याच मेहकरला मेंढरं राखायचे. हे हॉलमध्ये सगळ्यांना माहीत होतं. म्हणून दुसरा हशा पहिल्यापेक्षा मोठा झाला. त्यात सगळ्यात मोठ्यानं हसत होता तो मल्लिनाथ, निंबर्ग्याच्या शाळेतला गणिताचा मास्तर, माझ्याच बोलीतला. थोड्या वेळापूर्वी बाहेर व्हरांड्यात तो फोनवर सांगत होता, "व्हय माय, जेवलो. सांजच्याला येयलोय." हॉलचा उंबरा ओलांडला आणि त्याची माय पुण्याची झाली.

आणि मी? मीही हसलो. दात दाखवून हसलो. आजही आरशात दात घासताना ते हसू मला दिसतं.

ही यंत्रणा मी उभी केली होती. मी चिटगुप्प्याच्या शाळेत विज्ञान शिकवायचो, कॉम्प्युटरचं आपलं आपण शिकलो होतो. मोफत मिळणारं सॉफ्टवेअर घेतलं. बिदरच्या ऑफिसात एक मोठा सर्व्हर, प्रत्येक शाळेत एक लहान मशीन. लाइन गेली तरी धडे शाळेतल्या मशीनवर राहायचे. लाइन आली की पोरांचे प्रश्न बिदरला जायचे आणि तिथून सहाही शाळांत दिसायचे. चिटगुप्प्याला गणिताचा माणूस नव्हता, निंबर्ग्याला विज्ञानाचा नव्हता. ज्याला येतं त्यानं उत्तर द्यायचं, मग पोरगं कुठल्याही शाळेचं असो. त्या पानाला मी नाव दिलं होतं 'शंका'. सगळी तारांची ओढाताण मी केली ती त्या एका पानासाठी. वर्गात तोंड न उघडणारं पोरगं तिथं विचारील, एवढीच माझी आशा.

हॉल रिकामा झाल्यावर कार्यवाहांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ते फार सभ्य माणूस. घरात तीन पिढ्या अधिकारी. 'बसा' म्हणाले, खुर्ची दाखवली नाही.

"सर्व्हरमध्ये ती चाळणी असते ना? शिव्या झाकणारी?"

"आहे सर. कुणी शिवी लिहिली की तिच्या जागी फुल्या दिसतात."

"छान. त्यात हे गावंढळ शब्दही घाला. या यंत्रणेच्या उद्घाटनाला पाहुणे येताहेत. पानावर आपलं मराठी दिसलं पाहिजे."

ते सांगत गेले, मी उभ्यानंच त्यांच्या कॉम्प्युटरवर टाइप करत गेलो. कामून. न्हाई. व्हय. नाकाजवळ काही कुजकं धरल्यासारखे ते एकेक शब्द उच्चारत होते. शेवटी आठवल्यासारखं म्हणाले, "आणि हो, ते माय. आई म्हणायला काय होतं हो यांना?"

वरच्या ओळींत मीच घातलेल्या शिव्या होत्या. आईबहिणीवरच्या. सगळ्या घाण. त्यांच्या खाली मी टाइप केलं, माय. सेव्हचं बटण दाबलं. सरळ दाबलं. वर विचारलं, "अजून काही, सर?"

माझा धडाही बदलला. माझं तोंड काढून टाकलं, चित्रं ठेवली, आणि कार्यवाहांच्या सूनबाईंनी पुण्याहून आवाज दिला. 'झाकणावर थेंब का बरे जमतात?' इतकं गोड, की थेंबालाही मुंग्या लागाव्यात.

मग एका सकाळी लॅबमध्ये गोंधळ उठला. "सुरेखानं सरला शिवी देली! सरला शिवी देली!"

सुरेखा नववीतली. तिची माय दुसऱ्यांच्या शेतात खुरपायला जायची, बाप हैदराबादला बांधकामावर. वर्षभरात ही पोरगी वर्गात एकदाही बोलली नव्हती. 'शंका'वर तिनं पहिल्यांदाच लिहिलं होतं. सगळ्या मशीनवर ते असं दिसत होतं:

'माझी ××× विचारायलीय, डाळ शिजताना झाकण ××× उडायलंय?'

पोरं बाकावर थापा मारून हसत होती. सुरेखा माझ्यासमोर येऊन उभी राहिली. ओढणीचं टोक तोंडात कोंबलेलं. ते काढून म्हणाली, "सर, म्या शिवी देली न्हाई. देवाशपथ. निस्तं मायचं नाव लिव्हलं व्हतं."

मशीन बिघडलंय म्हणालो. बिघडलं नव्हतं. मी सांगितलं होतं तेच ते चोख करत होतं.

"आता पुसून टाका सर," ती म्हणाली. "दादाला कळलं तर शाळा बंद करंल. मी न्हाई इचारत पुन्हा."

मी न्हाई इचारत पुन्हा. हॉलमधल्या हशानं माझं जे केलं नव्हतं ते या वाक्यानं केलं. सहा शाळा, एवढ्या तारा, एवढी मशीन. कशासाठी? तर जिनं पहिल्यांदा तोंड उघडलं तिच्या तोंडावर फुली मारण्यासाठी. आणि ती मारणारा मेंढक्याचाच पोरगा.

मी बिदरला गेलो, सर्व्हरपाशी बसलो आणि ते सगळे शब्द चाळणीतून काढले. काढताच पानावर शब्द परत आले. आत ते तसेच होते, नुसते झाकले होते. 'माझी माय विचारायलीय, डाळ शिजताना झाकण कामून उडायलंय?' शेवटी एक मोह झाला, चाळणीत 'शुद्ध' हा शब्द टाकावा. टाकला नाही. त्या शब्दाला शिवीचीही किंमत द्यायची नव्हती मला.

उद्घाटनाआधीच्या रंगीत तालमीला तोच हॉल, तीच माणसं. कार्यवाहांनी 'शंका' उघडलं. सुरेखाचा प्रश्न पडद्यावर, माझं तोंड होतं तेवढाच मोठा.

"हे कुणी केलं?"

"म्या," मी उभा राहिलो.

"कोणाच्या परवानगीनं?"

"कामून? मायला माय म्हणाया परवानगी लागायलीय व्हय?"

कुणी हसलं नाही. मल्लिनाथ माझी बाही ओढत पुटपुटला, "अण्णा, गप की. कामून भांडायलास?" त्याच्याही तोंडून कामूनच निघालं. त्यानं झटकन माझी बाही सोडली, जणू माझ्याच अंगाला करंट होता.

"तुम्ही शिक्षक आहात," कार्यवाह म्हणाले. आवाज अजून सभ्यच. "मेंढरं वळत नाही."

"वळत व्हतो, साहेब. मेंढरं बोलण्याला हसत न्हाईत. हसणारी माणसं मी ह्याच हॉलात पाह्यलो."

"मशीन संस्थेचं आहे, लक्षात ठेवा."

"मशीन तुमचं असंल. माय माझी हाय."

त्याच दिवशी सर्व्हरचा माझा पासवर्ड गेला. शब्द पुन्हा चाळणीत गेले. शब्द टाकायला मल्लिनाथ मिळाला. उद्घाटन थाटात झालं. पानावर ऑफिसच्या लोकांनी आधीच प्रश्न टाइप करून ठेवले होते. 'आदरणीय गुरुजन, बाष्पीभवनाची प्रक्रिया कृपया विशद करावी.' असं विचारणारं पोरगं त्यांनी कुठं पाहिलं होतं, देव जाणे. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर त्या पानावर कुणी काही विचारलं नाही. पोरांनी पान सोडलं. सर्व्हर चालूच राहिला, स्वच्छ, शुद्ध आणि रिकामा. कार्यवाहांना अगदी शोभेल असा.

चिटगुप्प्याचं लहान मशीन मात्र माझ्या लॅबमध्ये आहे. त्याची तार मी बिदरपासून तोडली. त्यावर चाळणी नाही. सुरेखाचा प्रश्न तिथं तसाच आहे आणि त्याखाली माझं उत्तर, आमच्या बोलीत. तिनं ते अजून उघडून पाहिलेलं नाही. ती वर्गात येते, शेवटच्या बाकावर बसते, गप्प. हे माझं देणं आहे. ते फिटलं असं मी म्हणणार नाही.

हे सगळं मी कार्यवाहांच्या मराठीत लिहिलं. मला ती येते. त्यांना माझी येत नाही, आणि शिकायची अक्कलही नाही. त्यांना नीट कळावं, एवढ्यासाठीच ही तोशीस. त्या हॉलात मी एकदा हसलो, आता हसणार नाही. कुणाच्या मायवर माझ्या बोटानं पुन्हा फुली पडणार नाही. ही नोकरी गेली तरी नाही, दुसरी मिळाली तरी नाही. ज्याला फुली मारायची त्यानं स्वतःचं बोट विटाळावं. आणि मारण्याआधी माझ्यासमोर उभं राहून एका शब्दाचं उत्तर द्यावं.

कामून?