बायकोनं भांडणं सोडलं तेव्हा

भर कोर्टात उलटतपासणी घेता घेता छातीत कळ आली आणि मी साक्षीदारासमोरच मटकन खाली बसलो. अमरावतीतला मोठा डॉक्टर घरी आला, बायकोला ओसरीवर नेऊन काहीतरी बोलला आणि मला एवढंच सांगितलं की सहा आठवडे पाठ गादीवरून उचलायची नाही. दाढीसुद्धा दुसऱ्यानं करायची. कज्जे, कागद, वर्तमानपत्र, सगळं बंद. मनाला शांतता हवी म्हणे! अशिलाचं अपील नागपूरला पडलेलं, अन् मी इथं आढ्याच्या कड्या मोजतोय. असली शांतता वैऱ्यावरही येऊ नये.

पण जीव खालीवर झाला तो वेगळ्याच गोष्टीनं. बायको भांडेना.

ती नांदगाव खंडेश्वरची, तोंडानं फटकळ. बावीस वर्षांच्या संसारात तिनं मला जितकं हरवलं तितकं कोर्टात कुणी हरवलं नसेल. आणि आता मी काहीही म्हटलं की हो. खिडकी उघड म्हटलं, हो. लाव म्हटलं, तरी हो. मला धडकीच भरली. डॉक्टरनं ओसरीवर हिला नक्की सांगितलं असणार, याचे थोडे दिवस उरलेत, म्हणेल त्याला मान डोलवा.

वकिलाची जात, संशय स्वस्थ बसू देईना. तिसऱ्या आठवड्यात मी तिची परीक्षा घेतली. डॉक्टरनं माझं मीठ तोडलेलं, त्यामुळे पुढ्यातलं पिठलं पार अळणी. एक घास घेऊन मी ताट सरकवलं आणि म्हटलं, किती खारट केलंस. ती म्हणाली, हो, आज हात जरा जड झाला. इतकं धडधडीत खोटं ती मरणाऱ्याशीच बोलली असती.

तरी खात्री करायची म्हणून मी म्हटलं, तुझ्या वडलांनी तुला दिलेलं वावर माझ्या पुतण्याच्या नावे करून टाकू. त्या वावरावरून ती माझ्या आईशीही भांडली होती. तिचा चेहरा लाल झाला, ओठ हलले. मग म्हणाली, हो.

संपलंच म्हणायचं. मरायचंच आहे तर कामं उरकून तरी मरू, म्हणून मी पाय खाली सोडले आणि खुंटीवरच्या कोटाकडे निघालो. दोन पावलांत घाम फुटला. ती दारात आडवी आली.

"कुठी चालले? तीन आठवडे तोंड शिवून राहिली मी, ते काय तुमी असं उभ्यानं मराले? पडा गुमान तिथं. अन् माह्या वावराले हात लावून पाहा फक्त."

मी पडलो. खरं सांगतो, इतकं बरं औषधानंही वाटलं नव्हतं. म्हटलं, डॉक्टर काय म्हणाला ते आता सांग.

"वाचते म्हणे माणूस. फक्त बायकोनं वाद घालू नये. एखाद्या वादानंच जाईल म्हणे."

बोलता बोलता ती थांबली. आपण काय करून बसलो ते तिला तेव्हा कळलं. ती खाटेशी खाली बसली, माझ्या छातीवर पंजा टेकवला आणि हळूच विचारलं, "आता बोलली ना मी. काई होईल का हो तुमाले?"

काही होत नाही, म्हटलं. तिचा विश्वास बसेना. दिवेलागणीपर्यंत तिनं तो हात उचलला नाही.